तीन मार्कांनी राहिलेली भरती आणि बंद पडलेलं पळणं

हिंगोली जिल्ह्यातून आलेलं पत्र थोडं आटोपशीर करून देते आहे.

“ताई, मी कळमनुरी तालुक्यातल्या एका गावची. वय २४. पोलीस भरतीत दोनदा नापास झाले. पहिल्या वेळी ग्राउंडलाच २३ मार्क पडले, गोळा पुढं गेलाच नाही. दुसऱ्या वेळी ग्राउंडला ३८ आणि लेखीला ७१ आले. एकूण १०९. आमच्या प्रवर्गाची कट-ऑफ ११२ लागली. गणिताचे अकरा प्रश्न कोरे सोडून आले, वेळच पुरला नाही. गावात पहाटे रोडवर पळणारी मी पहिली मुलगी. भाऊ मोटारसायकल घेऊन मागं यायचा. नंतर गल्लीतल्या दोघी पोरीही माझ्यासोबत पळू लागल्या. निकालापासून मी पळणं बंद केलं, त्यांनीही केलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘एवढं पळून काय मिळालं?’ बाबा म्हणतात, तुळशीचं लग्न झालं की स्थळं बघू. सगळे सांगतात पॉझिटिव्ह विचार कर. करायचा म्हणजे नेमकं काय करायचं ते कुणीच सांगत नाही. रात्री झोप लागत नाही. कधी कधी वाटतं, मी नसते तर घरच्यांचा खर्च तरी वाचला असता. पुन्हा फॉर्म भरू का? माझं नाव छापू नका.”

लेकी,

भरतीचं, काकूंचं, स्थळांचं सगळं बोलू. पण ‘मी नसते तर’ हे तू जे लिहिलंस, ते आधी घेते. तू ते जाता जाता लिहिलंस, मी मात्र त्यावर थांबले. हा विचार एखाद्या रात्री येऊन जातो की रोज येतो, हे तुलाच माहीत. रोज येत असेल, किंवा काही करून घ्यावं असं एकदा जरी मनात आलं असेल, तर हे वाचून झाल्यावर लगेच १४४१६ हा नंबर लाव. सरकारची टेली मानस नावाची सेवा आहे. फोनला पैसे लागत नाहीत, दिवसरात्र कधीही लावता येतो आणि मराठीत बोलता येतं. पलीकडचं माणूस तुझ्या गावचं नाही, तुला ओळखत नाही, त्यामुळे जे मायला सांगता येत नाही ते तिथं सांगता येईल. झोपेचं असंच चालू राहिलं तर हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना दाखव. ताप उतरला नाही तर दाखवतोच ना आपण? आणि आज रात्री भावाला एवढंच सांग, ‘मला झोप येत नाही, डोक्यात वाईट विचार येतात.’ जो भाऊ पहाटे अंधारात तुझ्या मागं गाडी चालवायचा, तो हे ऐकून घेईल.

खर्चाचंही सांगते. अकॅडमीची फी, बूट, जाण्यायेण्याचं भाडं हे पैसे तुझ्या घरच्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवून, स्वतःच्या मर्जीनं घातले. तू नसल्यानं वाचेल असा एक रुपयाही त्या घरात नाही. कर्त्या माणसानं आपल्या नुकसानीचा बोजा असा एकट्यानं डोक्यात ठेवला की पुढं काय होतं, हे मराठवाड्यातल्या गावागावांनी पाहिलंय. म्हणून मी या गोष्टीला हलकं घेत नाही, तूही घेऊ नकोस.

आता पॉझिटिव्ह विचारांचं. तुझी तक्रार मला शंभर टक्के पटते. भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींची पत्रं या सदराकडं नेहमी येतात आणि बहुतेकांच्या मोबाईलवर जिद्दीचे, संघर्षाचे व्हिडिओ असतात. मागं जोरदार संगीत, वर्दीतला एक तरुण, आईच्या पायाशी टोपी. त्या तरुणाचे कष्ट खरेच असतात. पण कॅमेरा फक्त त्याच्याच घरी जातो. तेवढेच कष्ट करून यादीत न आलेल्यांकडं कुणी जात नाही. मग बघणाऱ्या मुलीला वाटतं, सगळ्यांचं होतं, माझंच होत नाही, म्हणजे माझ्यातच खोट. माझ्या मते या व्हिडिओंनी उभारीपेक्षा अपराधीपणच जास्त दिलंय. महिनाभर ते बघू नकोस.

पॉझिटिव्ह होणं म्हणजे हसत राहणं नव्हे आणि ‘जे होतं ते चांगल्यासाठी’ असं स्वतःला बजावणंही नव्हे. तीन मार्कांनी राहणं चांगल्यासाठी नव्हतं. ते वाईटच झालं. रडू आलं तर रड. मी ज्याला पॉझिटिव्ह म्हणते ते एवढंच, की झालेलं नुकसान जेवढं आहे तेवढंच धरायचं, त्याहून मोठं होऊ द्यायचं नाही. तुझ्या पत्रात ते फार मोठं झालंय. सुरुवात तीन मार्कांपासून होते आणि ‘मी नसते तर’पर्यंत जाते. मधली सगळी वाढ मनानं केलेली आहे.

तुझे बाबा हे काम दरवर्षी करतात, बघ. सोयाबीन हातचं गेलं तर ते ‘मी नापास झालो’ म्हणत नाहीत. फुलं लागायच्या वेळी पावसानं खंड दिला म्हणतात, यलो मोझॅक रोग आला म्हणतात, बियाणं उगवलंच नाही म्हणतात. किती एकरांत गेलं, किती हाती लागलं, सगळं बोलतात. पुढच्या हंगामात वाण बदलतात किंवा पेरणी आठ दिवस मागं घेतात. त्यांना दुःख होत नाही असं नाही. पण कारण सापडलं की हातांना काम मिळतं. तुझ्या निकालाकडं या नजरेनं अजून कुणी पाहिलेलंच नाही. आपण पाहू.

‘दोनदा नापास’ असं तू एका दमात लिहिलंस. तुझेच आकडे तसं सांगत नाहीत. मैदानी चाचणी ५० मार्कांची, त्यात निम्मे म्हणजे २५ मिळाल्याशिवाय लेखीचा विचारच होत नाही. पहिल्या वेळी तू दोन मार्कांनी तिथंच थांबलीस. दुसऱ्या वेळी त्याच ग्राउंडवर ३८ काढलेस, म्हणजे पंधरा मार्कांची वाढ. ती वाढ अंगात आलेली आहे, निकाल लागला म्हणून ती गेली नाही. पुढं एका जागेला दहा या हिशोबानं उमेदवार लेखीला बोलावतात, त्यात तू होतीस. आणि गर्दी किती? २०२४ च्या भरतीत राज्यभरात १७,४७१ जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले होते. एका जागेमागं शंभर अर्ज. अशा रांगेत शेवटच्या तीन मार्कांपर्यंत येऊन थांबलेल्या मुलीला ‘हिच्याच्यानं होत नाही’ कसं म्हणायचं?

आता त्या अकरा प्रश्नांकडं ये. पत्र वाचताना मी इथंच सगळ्यात जास्त रेंगाळले. पोलीस शिपाई भरतीच्या लेखीला निगेटिव्ह मार्किंग नसतं. चुकलं तर मार्क जात नाहीत. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. म्हणजे तू शेवटच्या मिनिटाला ते अकराही गोल नुसते रंगवले असतेस, प्रश्न न वाचताही, तरी सरासरीनं दोन-तीन बरोबर आले असते. कुठं राहिलीस? तीन मार्कांनी. हे तुला टोचायला सांगत नाही गं. उलट, तू ज्याला तुझी लायकी समजून रात्र रात्र जागतेस, त्यातला मोठा भाग परीक्षा हॉलमधल्या एका सवयीचा आहे, आणि सवय बदलता येते. पुढच्या वेळी घड्याळात पाच मिनिटं उरली की गणित जिथं असेल तिथं सोड आणि सगळे गोल भर.

वेळ का पुरला नाही, तेही बघ. ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला एक मिनिटही मिळत नाही. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान-चालू घडामोडी यांत बहुतेक मुलींचा वेळ अंकगणित खातं. तुझ्या पेपरची उत्तरतालिका काढ आणि गेलेले २९ मार्क कुठं कुठं गेले ते वहीत लिही. किती येत नव्हते, किती येत असूनही घाईत चुकले, किती कोरे राहिले. माझा अंदाज असा की ‘येत नव्हते’ हा ढीग तुला वाटतो त्यापेक्षा लहान निघेल. शेकडेवारी, काळ-काम-वेग, नफा-तोटा एवढेच धडे पक्के कर आणि रोज एक पेपर घड्याळ लावून सोडव. घड्याळ न लावता सोडवलेल्या पेपरांनी वेळेचं काही कळत नाही.

ग्राउंडचे बारा मार्क गेलेत, त्यात गोळ्याचा वाटा किती, ते तू लिहिलेलं नाहीस. गोळा फेकीला १५ मार्क असतात आणि मुलींना चार किलोचा गोळा असतो. खेड्यातल्या पोरी तो चेंडूसारखा फेकतात. खरं तर तो मानेपासून पुढं ढकलायचा असतो, आणि जोर खांद्यापेक्षा पायांतून आणि कमरेतून येतो. हे वाचून येत नाही. तालुक्याच्या शाळेतल्या क्रीडा शिक्षकांकडं चार रविवार जा. असं विचारायला आलेलं पोर त्यांना आवडतं.

पळणाऱ्या मुलीला सांगते म्हणून अविनाश साबळेंचं उदाहरण देते. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा त्यांचं गाव, म्हणजे आपल्याच मातीतलं माणूस. त्यांची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ते ८ मिनिटं १८.१२ सेकंदांत पळाले. तो त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम होता, आणि तरी ते अंतिम फेरीत गेले नाहीत. आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ दिली आणि बाहेर पडले! २०२३ च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेतही अंतिम फेरी हुकली. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनीच सुवर्ण जिंकलं. मध्ये जेमतेम सहा आठवडे. यातून ‘प्रयत्न केला की सुवर्ण मिळतंच’ असा अर्थ काढू नकोस. तसा नियम नाही, आणि पॅरिस ऑलिम्पिकला ते अंतिम फेरीत पोहोचले तरी अकरावे आले. मला एवढंच दाखवायचंय की ऑगस्टमधले पाय आणि ऑक्टोबरमधले पाय एकाच माणसाचे होते. एका दिवसाचा निकाल त्या दिवसाबद्दल बरंच सांगतो, माणसाबद्दल फार थोडं.

आता लोक. काकूंना तू काय उत्तर दिलंस ते लिहिलेलं नाहीस, बहुतेक मान खाली घालून घरात आली असशील. पुढच्या वेळेसाठी एक उत्तर तयार ठेव आणि ते मोठ्यानं म्हणून बघ: ‘तीन मार्कांनी राहिलं, काकू. पुढच्या भरतीची तयारी चालूय.’ बस, एवढंच. त्यांनी आणखी काही विचारलं तरी कारणं देत बसू नकोस. लाज लपवलेल्या गोष्टीची वाटते. तू स्वतःच आकडा सांगून मोकळी झालीस की समोरच्याकडं विचारायला फारसं उरत नाही. आणि काकूंच्या बोलण्यात सगळा वाईटपणाच असतो असंही नाही. ज्यांच्या आयुष्यात कुणी त्यांना पळू दिलं नाही, त्यांना पळण्याचं मोल पगारातच मोजता येतं.

पण त्यांच्या प्रश्नाला तू मनातल्या मनात तरी नीट उत्तर दे. पळून काय मिळालं? जिथं मुलगी पहाटे एकटी रोडवर दिसली की चर्चा व्हायची, तिथं तीन मुली पळू लागल्या. तू हे पत्रात एका ओळीत उरकलंस, जणू त्याचा निकालाशी संबंध नाही. त्या दोघी थांबल्या, कारण त्यांना वाटलं तू थांबलीस म्हणजे या वाटेचा शेवट असाच होतो. त्यांची जबाबदारी मी तुझ्यावर टाकत नाही, तुझं तुलाच पुरेसं आहे. पण उद्या पहाटे दोघींना हाक मार. मेरिटसाठी नको, घड्याळ लावू नकोस, नुसतं फाट्यापर्यंत जाऊन या. पहिले दोन दिवस अवघड जातील. झोप परत यायलाही या पळण्याची मदत होईल, कारण तुझं शरीर त्या थकण्याला सरावलेलं होतं आणि तू ते एकदम बंद केलंस.

बाबांचं प्रकरण नाजूक आहे. त्यांना वैरी समजू नकोस. हळद अजून शेतात उभी, सोयाबीनची काढणी तोंडावर, आणि घरात मुलगी खोलीबाहेर येत नाही. अशा वेळी बापाला जे एक काम जमतं ते तो करतो, स्थळ बघतो. त्यांना खटकतंय ते तुझं राहणं नव्हे, या सगळ्याला शेवट दिसत नाही ते खटकतंय. मग तो शेवट तू दाखव. त्यांच्याशी बोलायला एकटी जाऊ नकोस, माय आणि भावाला सोबत घे. रडत बोलू नकोस, वही घेऊन बस. ‘पहिल्यांदा इतके होते, आता इतके झाले, तीन कमी पडले, ते इथं इथं गेले. मला पुढची एक भरती द्या. तोवर लग्नाचं बोलणं नको. अकॅडमीची फी आता लागणार नाही, पेपर घरी सोडवीन. संध्याकाळी गल्लीतल्या पोरांची शिकवणी घेईन, माझा खर्च मीच काढीन.’ ज्याला मुदत आहे आणि हिशोब आहे, अशा गोष्टीला शेतकरी माणूस सहसा नाही म्हणत नाही.

तरीही ते अडून बसले तर? मग स्पष्ट सांग, पण आवाज न चढवता. तू २४ वर्षांची आहेस, तुझ्या होकाराशिवाय तुझं लग्न ठरवता येत नाही. भरतीत राहिलीस म्हणून लग्न, हा हिशोबच चुकीचा आहे. लग्न कधी तुला करावंसं वाटलं तर तू ते कर, शिक्षा म्हणून करू नकोस. आणि स्थळ बघायची वेळ आलीच तर मुलाकडच्यांना पहिल्याच बैठकीत भरतीचं सांग. लग्न झालेल्या कितीतरी जणी भरतीला उतरतात आणि लागतातही. ज्यांना हे चालणार नाही ते आधीच कळलेलं बरं.

‘पुन्हा फॉर्म भरू का?’ याला माझं उत्तर हो असं आहे. वय आहे, खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ ची मर्यादा असते. पंधरा मार्कांची वाढ हातात आहे आणि चूक कुठं झाली ते कळलंय. पण एक गोष्ट आजच, पुढच्या निकालाच्या आधी, शांत डोक्यानं ठरव: कधी थांबायचं. पुढच्या भरतीत मार्क वाढले आणि पुन्हा थोडक्यात हुकलं, तर आणखी एकदा बसायला अर्थ आहे. मार्क तिथंच अडकले किंवा खाली आले, तर वाट बदल. प्रयत्न सोडू नका, असं मी सरसकट म्हणत नाही, कारण त्या एका वाक्यापायी मुलांची तिशी उलटलेली मी पाहिली आहे. वेळेवर थांबणाऱ्याला हार मानली म्हणणं अन्याय आहे. वनरक्षकाच्या भरतीत मुलींना तीन किलोमीटर पळावं लागतं, तुझे पाय तिथंही कामाला येतील. मात्र त्यासाठी बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय लागतो, तो आहे का बघ. पदवी अर्धी राहिली असेल तर मुक्त विद्यापीठातून पुरी करून टाक, ती कुठंही लागते.

भरतीची पुढची जाहिरात आली की पहिल्याच दिवशी फॉर्म भरायची घाई करू नकोस. एका पदासाठी एकाच जिल्ह्यात अर्ज करता येतो आणि कट-ऑफ जिल्ह्याजिल्ह्याला वेगळी लागते. हिंगोली, परभणी, नांदेड आणि बाहेरचे एक-दोन जिल्हे घे, तुझ्या प्रवर्गातल्या महिलांच्या जागा किती आणि गेल्या भरतीत मेरिट कितीला थांबलं ते समोरासमोर मांड, मगच ठरव. गेल्या वेळी हिंगोली घर जवळ म्हणून निवडलंस की आकडे बघून, तेवढं मला पुढच्या पत्रात कळव. सोबत २९ मार्कांचा तो तक्ताही पाठव.